आरंभ पोलीस ॲक्शनपासून

इंग्रजीच्या अध्यापनात वृत्तपत्राचा उपयोग करावा ही सूचना नवी नाही; परंतु अलीकडे तिला जे रूप आले आहे, त्याविषयी आमच्या शिक्षक-वाचकांशी थोडे विस्ताराने बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. युक्रेन, गाझा, लाल समुद्र येथील बातम्यांतून ‘सीजफायर’, ‘सँक्शन्स’, ‘एन्व्हॉय’, ‘अल्टिमेटम’ असे शब्द वेचावेत, प्रत्येकापुढे एकेक मराठी प्रतिशब्द मांडावा, आणि ती यादी विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून स्पर्धापरीक्षेपर्यंत जपून ठेवावी, हा पाठ आता खेड्यापाड्यांतील शाळांपासून शहरांतील शिकवणीवर्गांपर्यंत रूढ झाला आहे. त्यामागील तळमळीबद्दल आमच्या मनात आदरच आहे, कारण ज्या मुलाच्या घरात इंग्रजीचा एक शब्दही बोलला जात नाही, त्याला ती भाषा जगाच्या चालत्या व्यवहारातून मिळावी, याहून उचित दुसरे काय असणार! तथापि राजनयातील शब्द हा कोणीतरी, कोणाला तरी उद्देशून, एका विशिष्ट दिवशी, पुढचा-मागचा विचार करून उच्चारलेला असतो. त्याच्या निवडीत एका पक्षाचा दावा आणि दुसऱ्याचा इन्कार दडलेला असतो. यादीत शब्द राहतो आणि नेमके हेच गळून पडते.

आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातील, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. येथील शिक्षकाने या विषयाची उदाहरणे शोधण्यासाठी प्रथम कीव्ह किंवा जिनीव्हाकडे धाव घेण्याचे कारण नाही. या मुलखातील वयोवृद्ध माणसे आपले वय सांगताना आजही ‘पोलीस ॲक्शनच्या साली मी इतक्या वर्षांचा होतो’ असे सांगतात. ज्यांना इंग्रजीचे अक्षर ठाऊक नाही त्यांच्याही जिभेवर हे दोन इंग्रजी शब्द पक्के बसलेले आहेत. ते तेथे कसे आले, हा इंग्रजीच्या तासाचा विषय आहे असे आमचे मत आहे.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी, हा मुलूख ज्याच्या राज्यात होता तो हैदराबादचा निजाम आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात जो करार झाला त्याचे इंग्रजी नाव ‘स्टँडस्टिल ॲग्रीमेंट’. आपण त्यास ‘जैसे थे करार’ म्हणतो. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांबाबत १५ ऑगस्टपूर्वी जी व्यवस्था होती तीच एक वर्षाच्या मुदतीपर्यंत पुढे चालावी, एवढाच त्याचा आशय होता. सामीलनामा, म्हणजे ‘इन्स्ट्रुमेंट ऑफ ॲक्सेशन’, हा दस्तऐवज निराळा, आणि त्यावर सही करण्याचे निजामाने अखेरपर्यंत टाळले. करारानंतर कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेस गेले ते ‘एजंट-जनरल’ म्हणून. ‘अँबॅसिडर’ हा किताब त्यांना देणे म्हणजे हैदराबाद हे सार्वभौम राष्ट्र असल्याचे मान्य करणे झाले असते, आणि तीच गोष्ट तर भारतास मान्य नव्हती. पुढे २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाडली. परिषद त्या तक्रारीसाठी पॅरिस येथे बसली ती १६ सप्टेंबरला. भारतीय सेना १३ तारखेसच संस्थानात शिरली होती, आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली.

आता शब्दांकडे पाहावे. सैन्याच्या दफ्तरी या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’. जगापुढे तिचा उल्लेख ‘पोलीस ॲक्शन’ असा झाला, कारण युद्ध दोन सार्वभौम सत्तांमध्ये होते आणि पोलीस आपल्याच अंमलाखालच्या मुलखात जातात. निजामाचे पंतप्रधान मीर लायक अली यांच्या पक्षाला ते ‘इन्व्हेजन’ होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली ज्यांनी तुरुंग भोगला, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या भयाने जे पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेले, त्यांच्या दृष्टीने तो मुक्तिसंग्रामाचा शेवट होता, आणि १७ सप्टेंबर हा दिवस आपण त्याच नावाने पाळतो. पाच दिवसांच्या एका घटनेची ही चार नावे फळ्यावर लिहून, कोणते नाव कोणी व का वापरले एवढे मुलांनी आपापल्या शब्दांत सांगितले, तर तो पाठ पन्नास शब्दांच्या यादीहून अधिक शिकवून जाईल. त्यानंतरच त्यांना सांगावे की डचांनी १९४७ आणि १९४८ साली इंडोनेशियातील आपल्या लष्करी चढायांना ‘पोलीस ॲक्शन’ हेच नाव दिले होते, आणि जून १९५० मध्ये कोरियातील लढाईला हे नाव देण्यास अध्यक्ष ट्रुमन यांनी पत्रकारांपुढे संमती दिली होती. मग २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनमधील आपल्या कृतीस ‘स्पेशल मिलिटरी ऑपरेशन’ का म्हटले, हे विद्यार्थ्यास फोड करून सांगावे लागणार नाही. नावाची ठेवण सारखी असली म्हणून या घटना न्यायाच्या तराजूत समान ठरत नाहीत, हेही शिक्षकाने तेथेच निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. मराठवाड्याची जनता स्वतः स्वातंत्र्य मागत होती, ही गोष्ट शब्दचर्चेच्या ओघात हरवता कामा नये.

‘सँक्शन’ हा शब्द तर आपल्या शेतकऱ्याच्या रोजच्या तोंडचा. ‘पीककर्ज सँक्शन झाले’ हे वाक्य ज्याने घरी शंभरदा ऐकले आहे, तो मुलगा ‘रशियावर सँक्शन्स’ अशी बातमी वाचून, रशियाला काहीतरी मंजूर झाले, असा तर्क करील तर त्याचा दोष नाही. मूळ लॅटिन धातूत विधीने एखादी गोष्ट पक्की करण्याचा भाव आहे. कायद्याने दिलेली मान्यता आणि कायदा मोडल्याबद्दलचे शासन अशा दोन्ही अर्थांना तेथून वाट फुटली. दुसऱ्या अर्थाने तो बातमीत बहुधा अनेकवचनी येतो, आणि त्याच्यासोबत ‘इम्पोज’, ‘ईज’, ‘लिफ्ट’ ही क्रियापदे येतात. आपणही निर्बंध लादतो, शिथिल करतो, उठवतो, म्हणून हा क्रियापदांचा गोतावळा मराठी मुलास परका वाटत नाही. आणि या शब्दाचा घराशी संबंध दाखवणे तर अगदीच सोपे, कारण भारतास लागणारे पोटॅश जवळजवळ सर्वस्वी बाहेरून येते, रशिया आणि बेलारूस हे त्याचे मोठे उत्पादक आहेत, आणि त्या देशांवर निर्बंध आले की खताच्या दुकानातील भावापर्यंत त्याची झळ पोहोचते.

व्याकरणाचा पाठही या बातम्यांतून असाच उभा राहतो. मराठीत उपपदे नाहीत. त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ यांविषयी आमचे विद्यार्थी, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ पदवीधरही, उदासीन असतात. त्यांच्यापुढे सुरक्षा परिषदेचा २२ नोव्हेंबर १९६७ चा २४२ क्रमांकाचा ठराव ठेवावा. इस्रायलच्या सेनेने अलीकडील संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. परंतु इंग्रजी मसुद्यात ‘फ्रॉम टेरिटरीज’ असे शब्द आहेत, ‘फ्रॉम द टेरिटरीज’ असे नाहीत. इस्रायलचे म्हणणे असे की, ‘द’ नाही म्हणून सर्व प्रदेशांतून माघारीचे बंधन नाही. अरब राष्ट्रांनी फ्रेंच मसुद्याकडे बोट दाखवले, जेथील शब्दयोजना ‘ते प्रदेश’ असा अर्थ देऊ शकते, आणि युद्धाने भूमी संपादणे अग्राह्य आहे असे सांगणाऱ्या त्याच ठरावाच्या प्रस्तावनेचाही आधार घेतला. अर्धशतक उलटून गेले तरी हा वाद मिटलेला नाही. एवढ्याशा उपपदाच्या अभावावर राष्ट्रांचे वकील आयुष्यभर भांडले, हे ऐकल्यावर उपपदांचा स्वाध्याय मुले ज्या लक्षाने सोडवतील ते लक्ष नियम घोकून येणार नाही.

‘वकील’ हा शब्द आम्ही येथे जाणून योजला आहे. तह, सलूख, जाबसाल, खलिता, तैनाती फौज ही शब्दसंपदा मराठी दरबाराच्या व्यवहाराची आहे. निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील असलेले गोविंदराव काळे यांच्या पत्रांत ती वापरात असलेली दिसते. पुरंदर, सालबाई, वसई येथील तह मुलांनी इतिहासात वाचलेलेच असतात. १८०२ सालच्या वसईच्या तहाची कलमे समोर असली की ‘ट्रीटी’, ‘अलायन्स’, ‘सब्सिडियरी’ हे शब्द नव्याने पाठ करण्याची गरज उरत नाही. उलट जेथे मराठी वृत्तपत्रांची भाषा तोकडी पडते तेथे मात्र थांबावे. ‘सीजफायर’, ‘ट्रूस’, ‘आर्मिस्टिस’ या तिन्हींना आपण सरसकट ‘शस्त्रसंधी’ म्हणून मोकळे होतो. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी झाले ते ‘आर्मिस्टिस’, आणि त्यानंतर शांततेचा तह आजवर झालेलाच नाही, हे त्या एका प्रतिशब्दातून कळत नाही.

आणखी एका गोष्टीविषयी आम्हांस फार वाटते. ‘कॅज्युअल्टी’, ‘डिस्प्लेस्ड’, ‘होस्टेज’, ‘फॅमिन’ हे शब्द ज्या बातमीतून उचलायचे, तिच्यात मेलेली आणि उपाशी माणसे आहेत. ‘कॅज्युअल्टी’त मृत आणि जखमी दोन्ही येतात, हा अर्थभेद अवश्य शिकवावा, परंतु त्या आधी ती बातमी संपूर्ण वाचली जावी, कोठे काय घडले हे वर्गाला कळावे, आणि एखाद्या मुलीने त्यावर प्रश्न विचारला तर अभ्यासक्रमाचे कारण पुढे करून तिला गप्प करू नये. शब्दसंख्या वाढवण्याच्या उत्साहात दुसऱ्याचे दुःख हा सरावाचा माल होऊन बसणे आम्हांस असह्य वाटते.

तेव्हा आमची विनंती इतकीच की, आठवड्यातून एक बातमी घ्यावी, एकच, परंतु ती दोन निरनिराळ्या देशांच्या वृत्तपत्रांतून घ्यावी. क्रियापदांखाली रेघा माराव्यात, ‘कंडेम’ कोणी म्हटले आणि ‘एक्स्प्रेस कन्सर्न’वर कोणी भागवले हे मुलांकडून काढून घ्यावे, आणि मग तीच बातमी त्यांनी मराठीत, आपल्या गावातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवता येईल अशी लिहून आणावी. अशा पाठांची टिपणे शिक्षकांनी आमच्याकडे पाठवावीत. विशेषतः मराठवाड्यातील शिक्षकांनी १९४७-४८ च्या दस्तऐवजांवर बेतलेले पाठ पाठवल्यास ते या मासिकातून क्रमशः छापण्याची आमची तयारी आहे.