लेसरचा नफा कोणत्या मीटरवर मोजायचा?

अणूंच्या मीलनातून वीज मिळणार, अशा बातम्या व्यापारी बंधूंनी वाचल्या असतीलच. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी १९२ लेसर झोत एका नळकांड्यात सोडले. त्यातून निघालेल्या क्ष-किरणांनी मिरीएवढी गोळी दाबली गेली, आतला हायड्रोजन एकजीव झाला. लेसरची ऊर्जा २.०५ मेगाज्यूल, निघाली ३.१५. दीडपट नफा!

शास्त्रज्ञांचे यश मोठेच आहे. पण आम्ही वीजबिल पाहतो. ते झोत तयार करायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली, म्हणजे सुमारे ८३ युनिट. परत मिळाले एक युनिटही नाही, आणि तेही उष्णतेच्या रूपात. दुकानाचे भाडे सोडून नफा सांगण्यासारखेच हे. आता खासगी कंपन्याही या कामासाठी भांडवल गोळा करीत आहेत. पैसे घालणाऱ्याने आधी मीटर विचारावा.

खरी अडचण मात्र कारागिरीची आहे, असे आम्हांस वाटते. ती गोळी हिऱ्याच्या कवचाची. जरा खडबडीत राहिली तरी प्रयोग फसतो. वीजघराला सेकंदाला दहा गोळ्या लागल्या, तर दिवसाला आठ लाखांहून अधिक होतात. त्या स्वस्तात घडवणारा कारखाना अजून कुठेच नाही.