क्लिअर लेकहून : आकाशातलं घरकाम



ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला देशातल्या नातेवाइकांकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "तुमच्याकडे फार उकडतं का हो?" आणि दुसरा, "नासा तिकडेच ना, मग अंतराळवीर दिसतात का?" पहिल्याचं उत्तर एका शब्दात संपतं. दुसऱ्याला मात्र वेळ लागतो. मी स्वतः नासात नोकरी करत नाही. पण आमच्या क्लिअर लेक भागात जॉन्सन स्पेस सेंटर इतकं जवळ आहे की किराणा दुकानाच्या रांगेत आपल्या पुढे उभा असलेला माणूस रात्रपाळीला अवकाशस्थानकाच्या विजेवर नजर ठेवायला निघालेला असू शकतो. कानावर बरंच काही पडतं, मग वाचायची सवय लागते.

हा विषय घ्यायला निमित्तही आहे. २ नोव्हेंबर २००० रोजी बिल शेपर्ड, युरी गिडझेंको आणि सर्गेई क्रिकाल्योव्ह हे तिघं आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात राहायला गेले. तेव्हापासून ते घर एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला त्याला २५ वर्षं पूर्ण झाली. आपल्यापैकी कित्येकांची इथे जन्मलेली मुलं आता कॉलेजातून बाहेर पडत आहेत. त्यांच्या आयुष्यात असा एकही दिवस उगवला नाही, की सगळी माणसं पृथ्वीवरच होती.

सांगलीला आईला हे फोनवर सांगितलं, तर तिने नेमका प्रश्न विचारला, "अगं, पण दिवसभर ते तिथे करतात तरी काय?"

तर मंडळी, तेच सांगते.

स्टेशन जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर वर आहे. म्हणजे मुंबई ते सांगली जेवढं अंतर, जवळपास तेवढंच, फक्त वरच्या दिशेला. ताशी २८,००० किलोमीटर वेगाने ते ९० मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतं. दिवसाला सोळा वेळा सूर्य उगवतो. त्यामुळे उजाडलं की उठायचं म्हटलं तर कोणाला झोपच मिळायची नाही. म्हणून सगळ्यांची घड्याळं ग्रिनिच वेळेवर लावलेली असतात. सकाळी सहाच्या सुमाराला उठायचं, आवरायचं आणि मग जमिनीवरच्या केंद्रांशी बैठक. ह्यूस्टन, हंट्सव्हिल, म्युनिकजवळचं केंद्र, जपानचं त्सुकुबा, मॉस्को, अशी पाळीपाळीने बोलणी होतात. दिवसाचं वेळापत्रक संगणकाच्या पडद्यावर असतं आणि त्यावरून एक लाल रेघ पुढे सरकत राहते. आपण रेघेच्या मागे पडलो की समजायचं, आज दमछाक आहे.

त्या वेळापत्रकात काय असतं? प्रयोग असतात, आणि दुरुस्ती असते.

प्रयोगांबद्दल आपण वाचतो. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला ॲक्सिअम-४ मोहिमेवर निघाले आणि स्टेशनवर पाऊल ठेवणारे पहिले भारतीय ठरले. त्यांनी आमरस आणि गाजराचा हलवा नेला, याची बातमी घरोघरी पोचली. पण तिथे त्यांनी मूग आणि मेथीलाही मोड आणले, हे मला जास्त आवडलं. हा प्रयोग धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा आणि तिथल्याच आयआयटीचा. वजनरहित अवस्थेत बी कसं रुजतं, पुढच्या पिढ्यांत काय बदल दिसतात, हे त्यातून पाहायचं आहे. मूग भिजत घालून फडक्यात बांधणं हे आपल्याकडे आजीचं काम. तेच बशीत रुजवून, फोटो काढून, मग शीतपेटीत ठेवून परत आणणं हे तिथे संशोधन.

दिवाळी आहे म्हणून ज्योतीचीही गोष्ट सांगते. आपल्या पणतीची ज्योत वर निमुळती होते, कारण गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून ताजी हवा येते. तिथे वर आणि खाली असं काही नाहीच. त्यामुळे गरम हवा वर जात नाही आणि ज्योत गोल, लहान, निळसर होते. स्टेशनवर इंधनाचे थेंब जाळून पाहताना २०१२ मध्ये एक नवल आढळलं. दिसणारी ज्योत विझल्यावरही थेंब कमी तापमानाला, डोळ्यांना न दिसता, जळतच राहिला. इंजिनात इंधन कसं जळतं हे समजून घ्यायला असे प्रयोग उपयोगी पडतात.

आता दुसरी बाजू. शनिवारी स्टेशनवर साफसफाई असते. खरंच! पुसणी घेऊन कठडे पुसायचे आणि हवा ओढून घेणाऱ्या जाळ्यांवर बसलेला केरकचरा व्हॅक्यूमने काढायचा. तिथे धूळ खाली बसत नाही, हवेबरोबर तरंगत जाळीपर्यंत जाते. हरवलेला स्क्रूही बहुतेक वेळा तिथेच सापडतो. पंखे अखंड चालू ठेवावे लागतात, नाही तर झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती साचून राहील.

आणि मग पाण्याची व्यवस्था. श्वासातली वाफ, घाम आणि लघवी, सगळं गोळा करून पिण्याचं पाणी केलं जातं. २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. लघवी उकळून वाफ वेगळी करायची, पण तिथे वाफ आपसूक वर जात नाही. म्हणून ती फिरत्या पिंपात, कमी दाबाखाली उकळतात. ही यंत्रणा २००८ च्या अखेरीस बसवली आणि लवकरच तुंबली. उघडून पाहिलं तर आत कॅल्शियम सल्फेटचे खडे. हे कॅल्शियम कुठून आलं? माणसांच्या हाडांतून! वजन पेलायचं काम उरलं नाही की हाडं झिजू लागतात. काळजी घेतली नाही तर महिन्याला एक ते दीड टक्का. झिजलेलं कॅल्शियम लघवीतून बाहेर पडतं. लघवी टिकवण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल घातलेलं होतं, दोन्ही मिळून खडे झाले. काही काळ कमी पाण्यावर भागवावं लागलं आणि पुढे सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरायला सुरुवात झाली.

हे वाचलं तेव्हा मी थबकले. इथे प्रयोग आणि दुरुस्ती या वेगळ्या गोष्टी राहिलेल्याच नाहीत. जो प्रश्न डॉक्टरांचा, तोच प्लंबरचा.

आणि तो आपल्या घरचाही आहे. मंडळातल्या आपल्या पिढीचे आईवडील आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. रात्री-अपरात्री फोन वाजला की पहिला विचार येतो, कोण पडलं? दोन वर्षांपूर्वी आईचं मनगट मोडलं, ते मोरीच्या उंबऱ्याशी नुसता पाय घसरून. तेव्हापासून तिच्या डब्यात आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी आहे. त्याच जातीची, अ‍ॅलेंड्रोनेट नावाची गोळी स्टेशनवरच्या अंतराळवीरांना देऊन पाहिली गेली. व्यायाम आणि गोळी दोन्ही घेणाऱ्यांची हाडं चांगली टिकली. वृद्धाला जे व्हायला वर्षं लागतात, ते तिथे धडधाकट माणसाला काही महिन्यांत होतं, म्हणून तिथे लवकर शिकता येतं. रोजचे सुमारे दोन तास त्यांचे व्यायामातच जातात. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग मी जिने चढते त्यावर ओरडत जाऊ नकोस." गप्प बसले.

सुनीता विल्यम्स यांचंच पाहा. त्यांचे वडील गुजरातचे, म्हणून आपण त्यांना आपलंच मानतो. ३० ऑगस्ट २०१२ ला त्या आणि जपानचे अकिहिको होशिदे स्टेशनबाहेर पडले. विजेचं वाटप करणारी एक पेटी बदलायची होती. आठ तासांहून जास्त झटले, पण बोल्ट बसेना. भोकात धातूचा कीस अडकला होता. मग आतल्या लोकांनी आणि ह्यूस्टनच्या इंजिनिअरांनी मिळून शक्कल काढली, एका दात घासायच्या ब्रशपासून हत्यार बनवलं. ५ सप्टेंबरला भोक साफ झालं आणि बोल्ट बसला. अब्जावधी डॉलरचं स्टेशन आणि तारणहार टूथब्रश! आपल्याकडे जुना ब्रश टाकून देत नाहीत, शिलाई मशीन आणि गॅसच्या शेगडीसाठी ठेवतात, ते काही उगाच नाही.

२०२४ ची गोष्ट तर बॅगांचं वजन करकरून मुंबईचं विमान पकडणाऱ्या आपल्यासारख्यांना लगेच कळेल. सुनीता आणि बुच विल्मोर जूनमध्ये आठवडाभरासाठी वर निघाले होते. तेवढ्यात स्टेशनवरच्या लघवीयंत्राचा पंप बिघडला. नवा पंप सुमारे ७० किलोचा. जागा करायची तर काय काढायचं? दोघांच्या सुटकेसेस काढल्या. कपडे वर ठेवलेल्या राखीव साठ्यातून वापरायचे ठरलं. आणि आठवड्याचे झाले साडेनऊ महिने! १८ मार्च २०२५ ला दोघं परतले. त्या मुक्कामात सुनीता यांनी जानेवारीत दोनदा बाहेर जाऊन काम केलं. पहिल्या खेपेला निक हेग यांच्याबरोबर एक जायरोस्कोप बदलला. त्याच खेपेला एका क्ष-किरण दुर्बिणीच्या फाटलेल्या आवरणावर ठिगळं लावली गेली. दुसऱ्या खेपेला नादुरुस्त अँटेना काढली आणि स्टेशनच्या बाहेरच्या बाजूला सूक्ष्मजंतू आहेत का, याचे नमुने घेतले. ठिगळ लावलं तेव्हा कुठे ताऱ्यांचा अभ्यास नीट पुढे चालणार.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, "म्हणजे घरकामच की!"

अगदी तेच. आणि म्हणूनच मला या विषयावर लिहावंसं वाटलं. आपल्या मुलांना आपण "काहीतरी नवं शोध" असं सतत सांगतो. जे आहे ते चालू ठेवणं, पुसणं, घट्ट करणं, मोजून नोंद ठेवणं, हे आपण कमी दर्जाचं धरतो. ज्या कामाची आठवण ते न झाल्यावरच होते, ते आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या वाट्याला आलं आणि त्याला कोणी काम म्हटलं नाही. वर मात्र नौदलाचा वैमानिक असो की डॉक्टरेट असो, शनिवारी व्हॅक्यूम सगळ्यांच्या हातात. नळदुरुस्तीच्या वेळी कोणी "हे माझं काम नाही" म्हणत नाही, कारण पाणी सगळ्यांनाच प्यायचं आहे.

२०३० नंतर हे स्टेशन खाली आणून समुद्रात विसर्जित करायचं ठरलं आहे. तोवर, आकाश निरभ्र असेल तर सूर्यास्तानंतर किंवा पहाटे ते डोळ्यांनी दिसतं. न लुकलुकणारा ठळक ठिपका काही मिनिटांत आकाश ओलांडून जातो. इथे ह्यूस्टनवरून दिसतं आणि सांगलीवरूनही. वेळा नासाकडून जाहीर होतात. देशात आईवडिलांना कळवा, नातवंडांना अंगणात उभं करा.

आणि मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला येणारच आहात, तर एक विनंती. जेवणानंतर हॉलच्या खुर्च्या रचायला आणि भांडी घासायला दरवर्षी तीच सात-आठ माणसं थांबतात. यंदा तुम्हीही थांबा. मुलांनाही थांबवा. अंतराळवीर व्हायची तयारी म्हणून सांगा हवं तर!