हौशीच ना?

‘हौशीच ना?’ इंग्लंडातल्या आमच्या मंडळात एकाने नाक मुरडलं. विषय माझ्या गाण्याच्या मास्तरांचा. दिवसा नोकरी, संध्याकाळी शिकवण्या, आणि वर्षातून एकदा गिल्बर्ट-सलिव्हनच्या ऑपेरात टेनर. ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’मधल्या फ्रेडरिकसाठी ते महिनोन्‌महिने घासतात. वरचा सूर ओरडून नाही, श्वासावर तोलून लावायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. बिदागी शून्य, उलट संस्थेची वर्गणी पदरची.

हा ‘पायरेट्स’ लंडनला आला १८८० साली. त्याच वर्षी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी कचेरीत नोकरीलाच होते. हौशीच ना?

गणपतीत मात्र याच मंडळाला फुकट गाणारा हवा असतो. तोही स्वतःची पेटी घेऊन येणारा.