पंचेचाळीस दिवसांचा कायदा

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या लहान कारखान्यांचे हिशेब लिहिण्यात माझी तीसएक वर्षे गेली. चार-सहा कामगार, दोन लेथ, एखादे ड्रिलिंग मशीन, भिंतीवर देवाची तसबीर आणि टेबलावर चलनांची जाड फाईल, एवढाच बहुतेकांचा पसारा. धंदा कसा चाललाय, असे कोणी विचारले तर ‘कागदावर बरा चाललाय’ असे मी सांगतो. कागदावरच्या नफ्यातला मोठा हिस्सा ‘येणे’ या सदरात पडून असतो. आणि येणे म्हणजे आलेले नव्हे, हे त्या घरातल्या गृहिणीला माझ्याहून चांगले कळते.

बिल अडकले की आधी पोलादवाला व्यापारी तगादा लावतो. मग कामगारांचा पगार. तो थांबवता येत नाही, कारण त्यांचीही घरे आहेत. मग मुलाची फी पुढच्या महिन्यावर जाते, भिशी आधी उचलली जाते आणि शेवटी पाटल्या पतसंस्थेत सोनेतारणाला जातात. मोठ्या कंपन्यांना आणि सरकारी कार्यालयांना बिनव्याजी पैसा पुरवणारी बँक कुठली, असे विचाराल तर ती या दोन खोल्यांच्या घरातली! आणि त्या बँकेला स्वतःला मात्र पतसंस्थेचे व्याज चुकत नाही.

आता कोणी म्हणेल, यावर कायदा करायला हवा. अहो, कायदा आहे! एक नव्हे, दोन झाले. लहान उद्योगांना उशिरा दिलेल्या पैशांवर व्याज द्यावे असा कायदा १९९३ सालीच झाला. त्याची जागा २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने घेतली. हा कायदा वाचला की माणूस थक्क होतो. लेखी करार काहीही असो, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे दिलेच पाहिजेत. करार नसेल तर मुदत पंधरा दिवसांची. चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला मुद्दलात मिळवून. बँक दर सहा टक्के धरला तर व्याज अठरा टक्के होते आणि चार लाखांच्या बिलावर वर्षभरात सुमारे ७८ हजार रुपये. वाद झाला तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे जायचे आणि परिषदेने नव्वद दिवसांत निकाल द्यायचा. त्याविरुद्ध कोर्टात जायचे तर खरेदीदाराने आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरायची. तक्रार घरबसल्या करता यावी म्हणून २०१७ साली ‘समाधान’ नावाचे संकेतस्थळही निघाले.

सावकारालाही हेवा वाटावा अशी ही कलमे आहेत. मग पाटल्या अजून सोनेतारणात का?

माझ्या एका अशिलाचे उदाहरण सांगतो. लोखंडी कपाटे आणि बाके बनवतो. एका सरकारी कार्यालयाला त्याने माल दिला, चार लाखांच्या आसपासचा. माल उतरला, शिक्का मिळाला, बाके वापरात आली. चौदा महिने बिल निघाले नाही. कधी अनुदान आले नाही, कधी साहेब बदलून गेले, कधी बिलात त्रुटी निघाली. त्रुटी अशी, की कार्यादेशाचा क्रमांक शाईने दुरुस्त केला होता. मी कायद्याचे पुस्तक उघडून व्याजाचा आकडा काढून दाखवला. तो गप्प बसला. त्याची बायको चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, “काका, व्याज मिळेल हो. पण पुढची ऑर्डर कोण देणार?”

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नाही. सगळा कायदा एका गृहीतावर उभा आहे, की दुबळा पक्ष उठेल, बलवान पक्षाविरुद्ध अर्ज करील आणि मग हक्क वसूल होईल. ज्याचे सहा महिन्यांचे काम एका गिऱ्हाइकावर चालते, तो त्या गिऱ्हाइकाला नोटीस पाठवील, हे मानायला दिल्लीत बसावे लागते. तक्रारी येतात, नाही असे नाही. पण मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारी नाते तुटल्यावरच्या आहेत, म्हणजे ऑर्डर मिळणे आधीच बंद झाल्यावरच्या.

खासगी कंपन्यांच्या बाबतीत सरकारला हे थोडेफार उमगलेले दिसते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात एक तरतूद आली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. सूक्ष्म-लघु उद्योगाचे देणे मुदतीत दिले नाही, तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो, तोवर त्या रकमेवर कर भरावा लागतो. इथे पुरवठादाराने तोंड उघडायचे कारणच उरले नाही, कर सल्लागारच मालकाला आठवण करून देतो. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मला कधी नव्हे ते फोन आले, “तुमच्या अशिलांचे काय राहिलेय, यादी पाठवा.” पळवाटा निघाल्या, काहींनी नोंदणी नसलेला पुरवठादार शोधला, हेही खरे. पण चाबूक योग्य पाठीवर पडला, हे मान्य केले पाहिजे.

गंमत अशी, की हा चाबूक सरकारी खात्याला लागत नाही. जे खाते आयकरच भरत नाही, त्याला वजावट नाकारून काय होणार? म्हणजे सगळ्यांत मोठ्या खरेदीदारांपैकी एक असलेले सरकार आपणच केलेल्या शिस्तीतून आपोआप सुटले. शिवाय जीएसटीची तऱ्हा पाहा. माल पाठवून बिल केले की कराची जबाबदारी उभी राहते, पैसे आलेले असोत वा नसोत. माझ्या या अशिलाने अठरा टक्क्यांप्रमाणे होणारा कर, कच्च्या मालावरचा वजा करून, खिशातून भरला. कर घेणारे सरकार आणि बिल अडवणारेही सरकारच. एका खिडकीवर उशीर झाला तर व्याज, दुसऱ्या खिडकीवर उशीर झाला तर ‘पुढच्या आठवड्यात या’.

मी कारकुनांना दोष देणार नाही. त्यांच्या बाजूने पाहिले की कोडे सुटते. बिल मंजूर केले आणि पुढे लेखापरीक्षकाने शंका काढली, तर सही करणारा अडकतो, निवृत्तिवेतन अडकते. बिल वर्षभर दाबून ठेवले तर त्याला कोणी काही विचारत नाही. पैसे का दिलेत, हा प्रश्न आपल्या व्यवस्थेत आहे, पैसे का दिले नाहीत, हा नाही. मग शहाणा माणूस काय करील? त्रुटी काढील.

रस्ते, इमारती, नळयोजना यांची कामे घेणाऱ्या ठेकेदारांची कथा आणखी वेगळी. त्यांच्यातल्या अनेकांना वाटते की आपणही लघु उद्योजक, आपल्यालाही पंचेचाळीस दिवस. पण माल, मजुरी आणि बांधकाम एकत्र असलेला ठेका या कायद्याच्या वसुलीच्या तरतुदींत बसत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ आणि २०२१ च्या निकालांत घेतली. शिवाय निविदेची कागदपत्रे वाचा. काम उशिरा झाले तर दर आठवड्याला दंड किती, हे तपशीलवार असते. बिल उशिरा दिले तर काय, याबद्दल मौन, नाहीतर रेल्वेच्या ठेक्यांसारखे स्पष्ट कलम, की ठेकेदाराच्या येणे रकमेवर व्याज मिळणार नाही. त्याच्या हाताखालचा उपठेकेदार तर सरकारच्या वहीत नसतोच. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या एका तरुणाने जीव दिला, नळयोजनेचे बिल थकल्याने दिला असे सांगितले गेले, तेव्हा सरकारकडून आलेले उत्तर हेच होते, की तो उपठेकेदार होता, त्याच्या नावावर आमच्याकडे देणे नाही. कायद्याच्या भाषेत हे उत्तर बरोबर असेलही. त्या घरात ते वाचून काय वाटले असेल!

माझी मागणी फार मोठी नाही. सरकारी बिलाच्या नमुन्यात दोन रकाने वाढवावेत, माल स्वीकारल्याची तारीख आणि त्यावरून निघालेले व्याज. पुरवठादाराने मागो न मागो, ते व्याज बिलाबरोबरच निघावे आणि ते कोणत्या टेबलावरच्या उशिरामुळे लागले, याची नोंद लेखापरीक्षकाने घ्यावी. ज्या लेखापरीक्षकाच्या धाकाने बिले अडतात, त्याच धाकाने ती सुटतील. ठेक्याच्या कामांनाही ही मुदत लागू करावी आणि मुख्य ठेकेदाराने उपठेकेदाराचे पैसे दिल्याचा पुरावा पुढच्या बिलासोबत जोडावा. यावर वित्त विभाग म्हणेल, तिजोरीवर बोजा पडेल. बोजा आजही आहेच, तो पतसंस्थेच्या पावत्यांवर आहे इतकेच.

तोवर ज्यांच्या घरात असा धंदा आहे त्यांनी काही गोष्टी मात्र कराव्यात. माल पोचल्याची तारीख शिक्क्यासह घ्यावी. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे कायदा मानतो, म्हणून तोंडी तक्रारीला लेखी उत्तर पाठवून ठेवावे. बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक छापावा. आणि ही नोंदणी माल देण्यापूर्वी करावी. नंतर केलेल्या नोंदणीने आधीच्या पुरवठ्याला संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली म्हटले आहे. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी कोणी दोन-तीन हजार मागत असेल तर देऊ नयेत.