लग्नातलं वजन



भोपाळमध्ये आहारसल्ल्यासाठी येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्याच भेटीत विचारते, "वजन किती व्हायला हवंय?" बहुतेकींचं उत्तर तयार असतं, "लग्नात होतं तेवढं."

मागच्या वर्षी आलेल्या एका काकूंनीही हेच सांगितलं. वय ५६, उंची पाच फूट, वजन ७८ किलो. हवं होतं ५०. मी त्यांना कोरा कागद दिला. म्हटलं, "काकू, लग्नापासूनचं वजन आठवेल तसं लिहा. शेजारी त्या वेळी घरात काय चाललं होतं, तेही."

पुढच्या भेटीत कागद भरून आला. दोन बाळंतपणांनंतर ६१. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या तेव्हा ६९. स्वतःचं जेवण म्हणजे ओट्यापाशी उभ्यानं उरलंसुरलं संपवणं. मग कडक डाएट, ८ किलो उतरले आणि वर्षात १० चढले. पाळी गेल्यावर ७८. सगळ्यात खाली लिहिलं होतं, "ताई, मला वाटायचं मी खादाड आहे."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर चार स्त्रियांपैकी जवळजवळ एकीचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. एवढ्या सगळ्या जणी खादाड कशा असतील? वयानुसार स्नायू कमी होतात. उपासमारीच्या डाएटमध्येही चरबीबरोबर स्नायू जातात, आणि खाणं पूर्ववत झालं की वजन परत येतं. थायरॉइड, पीसीओएस आणि काही औषधांचाही वाटा असतो, म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी हवीच.

आम्ही ५० चा आकडा बाजूला ठेवला. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरले तरी रक्तदाब आणि साखरेत फरक पडू शकतो. काकूंसाठी ते होते ४ ते ८ किलो. "वजन सोडून काय हवंय?" असं विचारल्यावर त्या जरा थांबून म्हणाल्या, "नातीबरोबर वनविहारात फिरायचंय. मधे मधे न बसता."

मग दोन्ही वेळा बसून जेवायचं ठरलं. ताटात वरण, उसळ किंवा दही वाढलं, भात एक वाटी. रविवारचे पोहे ठेवले, जिलेबी एकच. रोज वीस मिनिटं चालणं, आणि खुर्चीवरून दहा वेळा उठबस.

सहा महिन्यांनी काटा ७३ वर आला. त्यापेक्षा मोठी बातमी त्यांनी दारातूनच दिली, "ताई, काल तलावाच्या काठानं पाऊण तास चाललो. नातच दमली!"

या आठवड्यात तुम्हीही असा कागद लिहून बघा. स्वतःला दोष न देता लिहा. आणि पुढे जायचं ठिकाण ठरवताना लग्नाचा अल्बम मिटून ठेवा.