लंडनच्या परिषदेचं आमंत्रण आलंय? पैसे भरण्याआधी हे वाचा

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असा मेसेज येऊन गेला असेल, नसेल तर येईल. सांगलीत किंवा नांदेडला जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करणारी भाची लिहिते: ‘मावशी, लंडनला जेनेटिक्सची इंटरनॅशनल कॉन्फरन्स आहे, मला स्पीकर म्हणून बोलावलंय! नोंदणीची फी पौंडात आहे, इथल्या कार्डाने जात नाहीये. तू तिथून भरशील का? बाबा तुला नंतर पाठवतील.’ सोबत पीडीएफ. वर सोनेरी बोधचिन्ह, खाली कुणाची तरी वळणदार सही, आणि मजकुरात ‘आपल्या या क्षेत्रातील अतुलनीय योगदानाबद्दल’ असे शब्द. योगदान म्हणजे एक रिव्ह्यू पेपर, तोही अजून छापून यायचाय.

मुलगी हुशार आहे, घरात पहिलीच संशोधनाकडे वळलेली आहे, आणि तुम्हाला मदत करायची आहे. माझं मत स्पष्ट सांगते. बहुतेक वेळा हे पैसे भरू नका. तेवढेच पैसे तिला एखाद्या चांगल्या कार्यशाळेसाठी द्या. आणि हे नुसतं फसवणुकीच्या भीतीने सांगत नाही, त्याबद्दल आधी थोडं बोलू आणि मग खऱ्या मुद्द्याकडे येऊ.

फसव्या परिषदांचा धंदा किती मोठा आहे याचा अंदाज यावा म्हणून एकच प्रकरण सांगते. हैदराबादहून चालणाऱ्या ‘ओमिक्स’ या प्रकाशन आणि परिषद समूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये खटला भरला. तक्रारीत एक मुद्दा असा होता की ज्या नामवंत शास्त्रज्ञांनी येण्याचं कबूलच केलं नव्हतं, त्यांची नावं परिषदांच्या जाहिरातीत वापरली जात होती. २०१९ मध्ये न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. एका कंपनीवर निकाल लागला म्हणून दुकानं बंद झाली नाहीत. विमानतळाजवळच्या हॉटेलात एक हॉल, त्यात सकाळी हृदयरोग, दुपारी जनुकशास्त्र, समोर वीसेक माणसं, प्रत्येकाला ‘बेस्ट प्रेझेंटेशन’चं प्रमाणपत्र. ही पद्धत चालूच आहे.

ओळखायचं कसं? सारांश पाठवल्यावर चोवीस तासांत ‘स्वीकारला’ असं उत्तर आलं तर शंका घ्या. खऱ्या परिषदेत तो कुणीतरी वाचतं, गुण देतं, आणि निकालाला आठवडे लागतात. मुदत सारखी पुढे ढकलली जात असेल तर शंका घ्या. परिषद कुठली सोसायटी भरवते आहे, गेल्या वर्षीचा पूर्ण कार्यक्रम कुठे आहे, हे विचारा. आणि सगळ्यात सोपा उपाय: वक्त्यांच्या यादीतल्या एखाद्या प्राध्यापकाला दोन ओळींचा ईमेल करून विचारा, तुम्ही खरंच जाणार आहात का? मुलांना संकोच वाटतो. तुम्ही करा. इकडची माणसं अशा ईमेलला उत्तर देतात.

आता समजा परिषद अगदी खरी आहे. युरोपीय मानवी जनुकशास्त्र सोसायटीची दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरते, अमेरिकन सोसायटीची शरद ऋतूत. हजारो माणसं, एकाच वेळी पाच-सहा सभागृहांत भाषणं, आणि एका अवाढव्य हॉलमध्ये पोस्टरांच्या रांगा. तिथे तासभर आपल्या पोस्टरसमोर उभं राहायचं. त्या तासात चार माणसं थांबतात, त्यातली दोन ओळखीची असतात. ज्याची पीएच.डी. संपत आली आहे, ज्याला पोस्टडॉक शोधायची आहे, ज्याने चार प्रयोगशाळांना आधी लिहून भेटी ठरवल्या आहेत, त्याच्यासाठी हा प्रवास सोन्यासारखा आहे, त्याने जरूर जावं. पण एम.एस्सी.च्या किंवा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्यातून मिळतं काय? फोटो, कापडी पिशवी, आणि आपल्याला काहीच येत नाही ही जाणीव.

खर्चाचं बघा. भारतात ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, आणि ती न मिळणारे विद्यार्थी पुष्कळ. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचे सव्वाशेच्या वर पौंड, जे व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाहीत. विमानाचं तिकीट, नोंदणी, चार रात्रींचं राहणं. माझ्या हिशेबाने दीड-दोन लाखांची गोष्ट. आणि व्हिसा शेवटच्या आठवड्यात नाकारला गेला की पोस्टर छापलेलं तसंच राहतं. (जनुकशास्त्राच्या परिषदांना रिकाम्या खुर्च्यांचा इतिहास जुनाच आहे. १९३९ मध्ये एडिंबरोच्या आंतरराष्ट्रीय काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून निकोलाय वाविलोव यांची निवड झाली होती. सोव्हिएत सरकारने त्यांना येऊच दिलं नाही.)

कार्यशाळेचं गणित वेगळं असतं. वीस-पंचवीस माणसं, शिकवणारे सहा-सात, आठवडाभर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने काम करता. मी अशा कार्यशाळांत शिकवायला मदत केली आहे. सोमवारी कमांड लाइन उघडायला घाबरणारी मुलगी शुक्रवारी सिक्वेन्सिंगच्या कच्च्या डेटापासून सुरुवात करून एखाद्या कुटुंबातला संशयित जनुकबदल शोधते आणि मग, हे जास्त महत्त्वाचं, तो खरंच आजाराचं कारण आहे का यावर शेजारच्याशी भांडते. घरी जाताना तिच्याकडे प्रमाणपत्रापेक्षा चालणारा कोड असतो आणि अडलं तर विचारता येईल अशी दहा माणसं.

रेण्वीय जीवशास्त्र हा विषयच मुळी अशा एका कार्यशाळेतून वाढला. १९४५ च्या उन्हाळ्यात मॅक्स डेलब्रुक यांनी अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर, म्हणजे फेजवर, एक छोटा अभ्यासक्रम सुरू केला. सगळ्यांनी तेच मोजके विषाणू वापरायचे, त्याच पद्धतीने, म्हणजे एकाचे आकडे दुसऱ्याशी ताडून बघता येतील. अणुसाखळी प्रक्रियेवाले लिओ झिलार्ड १९४७ मध्ये तिथे विद्यार्थी म्हणून बसले. पुढच्या वर्षी सेमूर बेंझर आले, तेही भौतिकशास्त्रातून. बेंझर यांनी नंतर एकाच जनुकाच्या आतला नकाशा काढून दाखवला. हे लोक भाषणं ऐकून घरी गेले असते तर यातलं किती घडलं असतं याबद्दल मला दाट शंका आहे.

पण मला याहून जवळचं उदाहरण आवडतं, अगदी पिनरहून बसने जाण्याइतकं जवळचं. आपल्या हॅरोला लागून ब्रेंट आहे. तिथे १९७९ मध्ये ब्रिटनमधलं पहिलं सिकलसेल आणि थॅलेसेमिया समुपदेशन केंद्र सुरू झालं. डॉ. मिलिका ब्रोझोविच यांच्यासोबत ते उभं करणाऱ्या एलिझाबेथ अनिओन्वू या परिचारिका होत्या. सिकलसेलच्या समुपदेशनाचा अभ्यासक्रम तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हताच, म्हणून त्या अमेरिकेत जाऊन शिकून आल्या. एक परिचारिका, एक प्रशिक्षण. आज इंग्लंडमध्ये तुमचं बाळ जन्मलं की पाचव्या दिवशीच्या सुमारास सुईण टाचेतून रक्ताचे थेंब घेते, त्यात सिकलसेलही तपासतात. त्या वेळी तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणून सही केली असेल.

आता नंदुरबार किंवा गडचिरोलीचा विचार करा. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, तपासणी होते, कार्डं वाटली जातात. कार्डावर ‘वाहक’ म्हणजे काय, लग्न ठरवताना त्याचा अर्थ काय, मुलात दोष आहे असा त्याचा अर्थ नाही, हे त्या माणसाला त्याच्या बोलीत, घाई न करता सांगणारं कोणीतरी लागतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक, हे वाक्य सांगायला सोपं आहे. ‘मग पहिली तीन मुलं ठीक निघतील ना?’ या प्रश्नाला नीट उत्तर देणं प्रशिक्षणाशिवाय जमत नाही. पैसे कुणाला द्यायचे असतील तर तिथल्या नर्सला, समुपदेशकाला देण्याचा विचार करा. तिला कुणी ‘की-नोट स्पीकर’ म्हणून बोलावत नाही.

आणखी एक गोष्ट, जी परदेशातल्या मराठी माणसाने जाणून घ्यायला हवी. १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद छापून आली, ज्याला आज जग ‘बॉम्बे’ म्हणून ओळखतं. या माणसांच्या लाल पेशींवर ए नाही, बी नाही, आणि ओ गटात असतो तो एच सुद्धा नाही, त्यामुळे त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही. लेखकांत मुंबईचे भेंडे, देशपांडे आणि भाटिया, आणि लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. मला त्यातला नावांचा क्रम महत्त्वाचा वाटतो: मुंबईकर आधी. कारण प्रश्न मुंबईत ओळखला गेला होता. ही माणसं वेगळी आहेत हे कळण्याइतकी तयारी तिथल्या प्रयोगशाळेत होती, लंडनची मदत त्यानंतरची.

ही तयारी आज किती गरजेची आहे ते बघा. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीसह एका मोठ्या गटाने ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दाखवलं की दक्षिण आशियातल्या तपासलेल्या २६३ समूहांपैकी ८१ समूहांमध्ये मूळ पूर्वज मोजके असल्याचा परिणाम फिनलंडचे लोक किंवा अश्कनाझी ज्यू यांच्याहूनही तीव्र आहे. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्न, त्याचा हा जनुकीय हिशेब. म्हणजे प्रत्येक समूहात काही दुर्मीळ आजार दाट असू शकतात, आणि ते शोधायला त्या समूहाचाच डेटा लागतो. सगळ्या जगात वापरल्या जाणाऱ्या ‘हजार जीनोम’ प्रकल्पात ह्यूस्टनचे गुजराती आहेत, ब्रिटनमधले तेलुगू आहेत, ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ आहेत. मराठी नाहीत. ‘जीनोमइंडिया’ने १०,००० भारतीयांचा डेटा आता संशोधकांसाठी खुला केला आहे, पण तो वाचणारे हात सांगली-नांदेडच्या विद्यापीठांत तयार झाले नाहीत तर वाचन पुन्हा बॉस्टनला किंवा केंब्रिजलाच होईल.

‘पण सीव्हीवर परदेशी परिषद चांगली दिसते’ असं भाची म्हणेल. पूर्वी दिसत असेल. अर्ज वाचणाऱ्याला आता फसव्या परिषदांची नावं पाठ झाली आहेत, आणि तिथली हजेरी उलट बोलते.

मग काय करायचं? सुरुवात फुकटातून करा. युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत आहे, ‘गॅलक्सी’चे धडेही. महिनाभर तिला ते करू द्या, रोज एक तास. तेवढं टिकलं तर पुढचं पाऊल भारतातच: लखनौच्या संजय गांधी संस्थेचा वैद्यकीय आनुवंशिकीचा अभ्यासक्रम, हैदराबाद, बंगळुरू, पुणे, आणि कोलकात्याजवळचं कल्याणी (आपलं कल्याण नव्हे) इथल्या संस्थांच्या कार्यशाळा. रेल्वेचं तिकीट, राहणं आणि एक बरा लॅपटॉप, एवढाच काय तो खर्च. लॅपटॉप तर पुढेही राहतो. परिषदेचीच हौस असेल तर इंडियन सोसायटी ऑफ ह्युमन जेनेटिक्सच्या वार्षिक परिषदेत तिचं पोस्टर जास्त लोक थांबून वाचतील.

त्यानंतर इकडचा विचार. केंब्रिजजवळ हिंक्स्टनला वेलकम जीनोम कॅम्पसवर होणाऱ्या अभ्यासक्रमांना अर्ज करावा लागतो, निवड होते, आणि कमी उत्पन्नाच्या देशांतल्या अर्जदारांसाठी बर्सरीची सोय असते. बर्सरीची मुदत बहुधा नोंदणीच्या मुदतीच्या आधी संपते, तिकडे मुलांचं हमखास दुर्लक्ष होतं. अर्जात ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे’ असं लिहू देऊ नका. माझ्याकडे अमुक डेटा आहे, अमुक ठिकाणी अडलंय, परत जाऊन अमुक तिघांना शिकवणार आहे, असं लिहायला सांगा. तुम्ही स्वतः संशोधनात नसलात तरी तो अर्ज एकदा वाचून शुद्ध करून देऊ शकता, फोनवर मुलाखतीचा सराव घेऊ शकता.

आणि निवड झालीच, तर ती हिथ्रोला उतरेल तेव्हा एक रात्र ठेवून घ्या. पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइन थेट लिव्हरपूल स्ट्रीटला जाते, तिथून केंब्रिजच्या गाडीने व्हिटल्सफर्ड पार्कवे, पुढे टॅक्सी. सकाळी लवकर निघावं लागेल, डबा द्या.