बोकडाचा कौल

देवापुढे बोकड देण्यापूर्वी त्याच्या अंगावर गार पाणी शिंपडावयाचे व तो अंग झाडीपर्यंत थांबावयाचे, अशी चाल आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी आहे. अंग झाडले म्हणजे बळी मान्य झाला. बोकड ढिम्म उभा राहिला तर आणखी पाणी घालतात! गार पाण्याने शेरडू अंग झाडणारच, हे ज्याच्या गोठ्यात चार शेरडे आहेत त्यास सांगावयास नको. तरीही या चालीस हसण्याचे कारण नाही. ज्याचा जीव घ्यावयाचा त्यास विचारावे, ही टोचणी तिच्या मुळाशी आहे. दोष इतकाच की, उत्तरही आपणच काढवून घेतो.

मांसाहाराचा वाद निघाला की, ‘जनावराने संमती दिली होती काय?’ असा प्रश्न हल्ली करण्यात येतो. प्रश्न रास्त आहे. परंतु संमती मिळाली असती तर सारे निर्दोष ठरले असते, असे त्यात गृहीत धरलेले असते. जनावर बोलत नाही, म्हणून बोलणाऱ्या प्राण्यावरच हे ताडून पाहू. विषय किळसवाणा आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

1884 साली ‘मिन्योनेट’ ही इंग्रजी नौका दक्षिण अटलांटिक महासागरात बुडाली आणि चौघे जण एका लहानशा होडीत उरले. चिठ्ठ्या टाकण्याची गोष्ट निघाली, पण चिठ्ठ्या पडल्या नाहीत. आजारी असलेल्या रिचर्ड पार्कर या 17 वर्षांच्या पोरास कप्तान डडले याने स्टीफन्सच्या संमतीने मारिले. पार्करला कोणी विचारले नाही. भूक ही खुनाची सबब होऊ शकत नाही, असा न्यायालयाने निकाल दिला. फाशीची शिक्षा मात्र पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली. चौथा खलाशी ब्रुक्स याने मारण्यास रुकार दिला नव्हता, पण खाण्यात तो मागे राहिला नाही. त्यास शिक्षा झाली नाही. आपणांपैकी बहुतेक मांसाहारी मंडळी या ब्रुक्सच्याच पंक्तीस बसतात.

याच्या उलट, 1972 साली अँडीज पर्वतात विमान कोसळून बर्फात अडकलेल्यांनी, ‘मी मेलो तर माझे शरीर तुमच्या उपयोगी पडो,’ असे एकमेकांस वचन दिले. मृतांचे मांस खाऊन 16 जण 72 दिवसांनी सुटले. त्यांस कोणत्याही न्यायालयाने गुन्हेगार ठरविले नाही. मग संमती होती म्हणून ते सुटले काय? तसे म्हणता येत नाही. 2001 साली जर्मनीत रोटेनबुर्ग येथे एका माणसाने दुसऱ्यास त्याच्या स्पष्ट संमतीने मारून खाल्ले. प्रथम साडेआठ वर्षांची व 2006 साली फेरसुनावणीत जन्मठेपेची शिक्षा झाली. अँडीजमध्ये खाण्यासाठी कोणास मारले नव्हते, आणि तेथे दुसरा मार्गही नव्हता. संमतीपेक्षा या दोन गोष्टींचे वजन आम्हांस अधिक वाटते.

जनावराच्या बाबतीत दोन्ही बाजू आपल्याविरुद्ध जातात. मारावे लागतेच, आणि आपल्या घरी धान्य-कडधान्य असता निरुपायही सांगता येत नाही. 1960 चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा संमतीची भाषा करीत नाही; खाण्यासाठी मारण्यास तो मुभा देतो, पण अनावश्यक यातनांस देत नाही. एका जनावरादेखत दुसरे कापू नये, असा 2001 चा कत्तलखान्यांविषयीचा नियम आहे. तो किती ठिकाणी पाळला जातो, हे वाचकांनी एकदा स्वतः जाऊन पाहावे.

आमचा रोख मात्र कसायावर नाही, विकणारावर आहे. 2015 पासून महाराष्ट्रात बैलाची कत्तल बंद आहे. शेळ्यामेंढ्या, रेडे, कोंबड्या यांचा व्यापार चालूच आहे. बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो, दोघांचीही राजीखुशी होते, आणि जिच्या जिवाचा सौदा झाला ती शेळी दाव्याला उभी असते. तिला विचारता येत नाही. व्यापाऱ्याला विचारता येते. माल कोठे जाणार, गाडीत किती जनावरे कोंबणार, वाटेत पाणी मिळणार की नाही, हे पैसे मोजून घेण्यापूर्वी विचारावे, आणि उत्तर पटले नाही तर दावे सोडू नये. अशाने जोडीमागे काही रुपये कमी येतील, हे आम्ही धरूनच चाललो आहोत.